सर्वर कुणाचा

बाबाकडे एक खूण होती.
आंजर्ल्याच्या देवळाचा कळस आणि दुसरं एक काहीतरी
एका रेषेत आलं की इंजिन बंद करायचं,
दोरीला शिसं बांधून तळ चाचपायचा.
शिशाच्या बुडाला लावलेल्या मेणाला
काळी रेती चिकटून वर आली, तर जागा तीच.
घोळ तिथे येते. वर्षातून दोनदा,
अमावस्येच्या अलीकडे.

ही खूण त्याने सख्ख्या भावाला सांगितली नाही.
धर्माकाका त्या रागात सात वर्षं आमच्या गणपतीला आला नाही.
हर्णै बंदरातून निघताना बाबा आधी दाभोळकडे तोंड करायचा,
बत्ती विझवून मग वळायचा.
खलाशांना म्हणायचा, झोपा रे.

शिमग्याआधी खात्याची माणसं आली,
डोलकाठीला पांढरी डबी ठोकून गेली. हिरवा दिवा.
तुमच्याच भल्यासाठी, म्हणाले, इथे सही करा.
खोटं का बोलू, भलं झालंही.
दाऊद मुकादमची होडी पंखा तुटून भरकटली
तेव्हा याच दिव्यावरून सापडली, सहाही माणसं जिवंत.
दाऊदच्या आईने डबीची दृष्ट काढली.

बाबाने विचारलं, हे बघतं कोण?
म्हटलं, सर्व्हरवर जातं सगळं.
"सरवर? अडखळचा काय? कुनाचा पोर तो?"
मी हसले. समजावत बसले नाही.

मग जेटीचं निघालं.
कुणाची, कशाला, किती किनारा जाणार, कुणी सांगेना.
आम्ही बायकांनी ग्रुप काढला, चाळीस जणी,
नाव 'हळदीकुंकू', फोटो गजऱ्याचा.
पंधराव्या दिवशी मला दापोलीला बोलावलं.

साहेब तरुण होता. पुढ्यात कागदांचा गठ्ठा,
बोट लावून वाचत होता.
"बुधवारी बांगडा नको, मांदेली आण. याचा अर्थ काय?"
म्हटलं, आमच्या जावयाला बांगड्याने पित्त उठतं.
त्याने तेही लिहून घेतलं.
"सुलभा कोण? रात्री दीड वाजता काय काम होतं?"

सुलभाचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं.
नवरा बोटीवर, सासू शेजारच्या खोलीत.
तिने मला एकटीला लिहिलं
आणि मी वाचताच पुसून टाकलं.
पुसलेलं कागदावर होतं. वेळेसकट.
हवालदार बेंडल, आमच्या ओटीवर कितीदा जेवलेला,
खिडकीबाहेरचा फणस बघत राहिला.
"लपवण्यासारखं काही नाही ना? मग घाबरता कशाला?"
मी पदर सारखा केला.
तो आधीच सारखा होता.

सुलभा आता लिहीत नाही.
फोन तांदळाच्या डब्यात ठेवून पाजेवरून चालत येते,
लाटा जिथे मोठ्याने फुटतात तिथे उभी राहून बोलते.
अर्धं मला ऐकू येत नाही.
ग्रुपवर आता खरोखरच हळदीकुंकवाचं बोलतात,
वाण काय लुटायचं, कोण किती वर्गणी देणार.
साहेबाला कळायचं नाही म्हणून नव्हे,
दुसरं काही सुचतच नाही कुणाला.

बाबाने एकदा जाळं विणता विणता विचारलं,
"सरवर झोपतो कधी गो?"
नाही झोपत.
"मंग तेचे डोले दुकत असतील."

या खेपेच्या अमावस्येला तो खुणेवर गेला नाही.
दिवा लुकलुकत ठेवून सगळ्यांबरोबर गेला,
सगळ्यांच्या पाण्यात जाळं टाकलं,
दोन टोपल्या ढोमा घेऊन परत आला.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, चल, पाण्यात चल.
गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा थांबला.
मागे वळून किनारा बघितला, वर आभाळ बघितलं,
मग माझ्या कानाला तोंड लावलं.
तंबाखूचा वास. दोन वाक्यं.
आमच्यात मुलीला सांगत नाहीत.

घोळ या वर्षी बंदरात कुणालाच मिळाली नाही.
ती कुठे आहे ते मला माहीत आहे.
कळसाच्या आड ते दुसरं काय येतं,
ते मी इथेही लिहीत नाही.