पालथा हात

फोन वाजतो तेव्हा जिगू छातीशी असते.
भटूभाऊ एवढंच म्हणतो : जिनिंग.
मी बोट घालून तिचं तोंड सोडवते,
ती झोपेतच ओठ हलवत राहते, हवेला.

सासू दारात.
तान्ही पोर शे घरमा, कथा चालनी व तू?
पण तिचे हात आधीच पुढे झालेले असतात
पोर घ्यायला.

पथकात आम्ही सात. सहा बाप, एक आई.
आईचं तेवढं बोललं जातं.
गमबूट ग्रामपंचायतीने घेतले, सगळे नऊ नंबरचे.
माझ्या बुटांच्या टोकात
जिगूची जुनी दुपटी कोंबलेली आहेत.
हेल्मेटखाली अंबाडा मावत नाही,
म्हणून वेणी, शर्टाच्या आत.

चोपड्याहून बंब निघालाय म्हणतात.
निघालाय म्हणजे तासभर.
तोवर हिलालआप्पाचा केळीवर फवारणारा ट्रॅक्टर,
दोन टँकर,
आणि फावडी.

बंब आमच्या न्हाणीतही एक आहे, तांब्याचा.
लग्न होऊन आले त्या पहाटेपासून मीच पेटवते :
पऱ्हाटीची काडी, गोवरीचा तुकडा, फुंकर.
आग काय खाते, श्वास कुठून घेते,
हे मला प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत
साहेबांनी फळ्यावर शिकवलं.
मी मान हलवली.

कापसाची आग ओरडत नाही.
पांढऱ्या डोंगरावर तांबूस लव उभी राहते, सर्रकन,
आणि सगळं संपल्यासारखं दिसतं.
पाणी वरून ओघळतं, कापूस पीत नाही.
आत कुठेतरी सरकी तडतडते.
धुरात खाली बसायचं, पाइप काखेत,
मागे भटूभाऊ, त्याच्या मागे नथू.
गावात जे माझ्याशी चार शब्द बोलले नसतील
ते ओरडतात : वहिनी, डावीकडे!

साडेतीनच्या सुमारास दूध येतं.
वेळ झाली की येतंच, त्याला काय माहीत
मी कुठे आहे.
शर्टाच्या आत दोन ओल्या जागा.
अंगावर एवढं पाणी उडालेलं
की कुणाला कळणार नव्हतं. मला कळलं.
त्या सगळ्या धगीत
तेवढंच गार होत गेलं.

बंब आला, गेला. फोटो झाले.
उजाडताना मालक म्हणाला, विझलं.
हिलालआप्पाने गंजीवर तळवा ठेवला,
चाळीस वर्षं कुदळ धरलेला तळवा,
म्हणाला, थंड शे.

मी मोजा काढला. हात पालथा केला,
रात्रीतून तीनदा तिच्या कपाळावर करते तसा,
आणि टेकवत गेले.
उत्तरेच्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर, थांबले.
ताप आहे, म्हटलं.
कुणीतरी हसलं.
खोदा.

हातभर आत होतं ते. नारळाएवढं,
लाल, गप्प,
एका फुंकरीची वाट पाहत.

घरी आले तर दहा वाजलेले.
सासूने पाणी तापवून ठेवलं होतं.
मी बराच वेळ नुसती बसले न्हाणीत
पेटत्या बंबासमोर, तांब्या हातात.
दोनदा शिकेकाई लावली, तरी केस जळकेच.

जिगूने तोंड लावलं, काढलं,
नाक मुरडून माझ्याकडे पाहिलं,
नेहमीच्या दुकानात दुसराच माणूस बसलेला दिसावा तसं.
मग भूक मोठी निघाली.

सासू म्हणाली, पोरनं आंग कोमट लागस का, देख.
मी हात पालथा केला.
त्याच्यावर फोड आला होता, पाण्याने भरलेला,
केव्हा आला कळलंच नव्हतं.

मग ओठ टेकवले कपाळाला
आणि तसेच राहू दिले.