खिडकी क्रमांक चारच्या अलीकडे

एल आल्तोचा वारा कागदांचा वैरी.
म्हणून माझ्या टेबलावर सात दगड,
नदीतून वेचून आणलेले, गुळगुळीत.
प्रत्येकाखाली एकेक दुकान,
अजून न उघडलेलं.

पालिकेच्या दारापासून अकरा पावलांवर मी बसते.
टाइपरायटर वडिलांचा. त्यातलं एक अक्षर तुटलंय,
तेवढ्या जागा मी शेवटी पेनाने भरते.
नुसता अर्ज वीस बोलिव्हियानो.
सगळं मिळून शंभर:
रांग, झेरॉक्स, शिक्के,
आणि साहेबांचा चेहरा बघून
आज नको, उद्या जाऊ, हे ठरवणं.
लोक म्हणतात, महाग आहे बाई.
मी विचारते, तुमच्या पाच सकाळी केवढ्याच्या?
मग स्टूल ओढून बसतात.

आज बेनेदिक्ता आली.
पाठीवर रंगीत अवायोत बांधलेलं मूल,
बोटं जांभळी, नखांपर्यंत.
मिनीबसच्या अड्ड्यावर पहाटे चारपासून आपी विकते,
जांभळ्या मक्याची कढत पेज, वर दालचिनी.
नमुन्यात विचारलंय: व्यवसायाच्या जागेची लांबी.
तिने हात पसरले. एवढी.
मी टेप काढून तिचे हात मोजले.
एक मीटर एक्केचाळीस.
आणि रुंदी?
"मी उभी राहते तेवढी."
असं लिहिता येत नाही.
मी साठ सेंटिमीटर लिहिलं.
आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग?
"सगळीकडून," ती म्हणाली.
हे मात्र जसंच्या तसं टाइप केलं.

खिडकीमागे एलिओदोरो.
वीस वर्षांत त्यांनी मान वर करून पाहिलेलं नाही,
पण माझी खोकल्याची ढब ओळखतात.
निळी शाई त्यांना सोमवारी चालत नाही.
पगाराच्या आठवड्यात चालते.
लाच? छे.
त्यांच्या आईच्या पेन्शनचा अर्ज
मी एकदा फुकट भरून दिला होता.
त्याला काय म्हणायचं
ते तुम्ही ठरवा.

सातव्या दगडाखाली विल्फ्रेदो आहे.
सायकल दुरुस्ती, एक गाळा, एक पंप.
अर्धे पैसे देऊन गेला,
म्हणाला, उरलेले गुरुवारी आणतो.
सहा वर्षांचे गुरुवार झाले.
परवाना जानेवारीत संपतो.
पहिल्या वर्षी वाटलं, येईल बिचारा,
तेव्हा मुदत गेलेली नको,
म्हणून माझ्या पदरचे घालून नूतनीकरण केलं.
दुसऱ्या वर्षी सवयीने.
आता का करते, मलाच सांगता येत नाही.
दर जानेवारीत त्याच्यासाठी रांगेत उभी राहते,
एलिओदोरो शिक्का मारता मारता विचारतात,
चालतंय का दुकान?
चालतंय, मी म्हणते.

माझा धंदा त्यांच्या यादीत नाही.
मी शोधलाय, बोट ठेवून, पान अन् पान.
कासार आहे, केक सजवणारी आहे,
मेलेल्यांना शेवटचे कपडे चढवणाराही आहे.
दुसऱ्यांसाठी ताटकळणारी, असा रकाना नाही.

दुपारी नवा शिपाई आला, बूट अजून करकरणारे.
रस्ता अडवलाय. परवाना दाखवा.
बेनेदिक्ता उठू लागली, मी तिला खुणेने बसवलं.
सातवा दगड उचलून
खालचा कागद त्याच्या हातात दिला.
त्याने शिक्का पाहिला, तारीख पाहिली,
सगळं ठाकठीक.
मग टाइपरायटर पाहिला.
"सायकल दुरुस्ती?"
मी काही बोलले नाही.
त्याने नाव वाचलं, माझा घागरा पाहिला, टोपी पाहिली.
"हे विल्फ्रेदो कोण? नवरा?"

"गुरुवारी येणार आहेत," मी म्हटलं.

वारा सुटला होता.
त्याने कागद परत दगडाखाली ठेवला,
नीट,
कोपरा दुमडणार नाही असा.