बोदांचा दोर

निपाणीच्या वखारीतला दोर आहे हा. काथ्याचा,
मनगटाएवढा जाड, आठ वाव.
एका टोकाला तंबाखूचे बोद लटकायचे,
दुसऱ्या टोकाला सत्याप्पा नाईक.
वखार बंद पडली तेव्हा राहिलेल्या पगारात
मालकानं कप्पी दिली नाही, दोर दिला.

आता तालमीमागं चिंचेच्या बुंध्याला
मधोमध वळसा घालून पडलेला असतो,
दोन्ही शेपट्या आमच्याकडं.
सत्याप्पा म्हणतो, उचला.

पहिला आठवडा नुसत्या शिंका.
झटका मारला की काथ्यातनं वीस वर्षांचा जर्दा उडायचा.
त्रिशला चौगुले तोंडाला ओढणी बांधून म्हणाली,
आमच्या घरात सुपारीसुद्धा खात नाहीत गं,
आणि मी इथं रोज पावशेर तंबाखू ओढतोय.

गुडघे वाकव. पाठ सरळ.
खांद्यानं नाही, कमरेतनं काढ.
डावा वर, उजवा खाली,
लाट बुंध्याला लागली पाहिजे,
मधेच मेली तर धरणार नाही.
ओंदु, एरडु, मूरु.
सत्याप्पाचं बोलणं मराठी, शिव्या मराठी,
मोजणं तेवढं कानडी.
बोद कानडीत मोजायचा म्हणे, ते तसंच राहिलं.
नाल्कुपर्यंत मी त्याच्याबरोबर असते,
पंधराच्या पुढं कुठल्याच भाषेत नसते.

मग मनगटापासून कोपरापर्यंत
कुणीतरी निखारा फिरवतं.
घरी आले की मूठ उघडत नाही,
भाकरी मोडायला जावं
तर बोटं तिच्याभोवती दोर धरल्यासारखी.

आई समोर सूप घेऊन बसलेली.
पान, चिमटीभर जर्दा, वळ, दुमड,
दोऱ्याचे दोन वेढे, तोड.
दिवसाला हजार.
तिनं माझी मूठ बघितली, आपली चिमूट बघितली,
म्हणाली, तुझ्या दोराला हजारी किती?

पौषात एक शेपटी उसवली. पेड सुटून केरसुणी झाली.
सत्याप्पानं चिकटपट्टी लावली, घामानं गळाली.
तार आवळली, त्रिशलाचा तळवा फाटला.

त्या संध्याकाळी
(त्रिशला सूर्य बघून निघून गेली होती,
तिला दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं)
आई आली. तालमीत नाही, चिंचेपाशी.
ओट्यात बिडीच्या दोऱ्याची दोन रिळं.
दोराचं टोक तिनं मांडीवर घेतलं,
करडू घ्यावं तसं,
आणि चारपदरी दोरा दातात धरून
वेढ्याला वेढा लावत गेली. वीतभर.
सत्याप्पा उभा होता. त्यानं मोजलं नाही.
शेवटी तिनं टोक वेढ्यांखालनं ओढून गडप केलं.
गाठ कुठंय, त्यानं विचारलं.
गाठ टोचत्या, ती म्हणाली.

चिकोडीच्या मॅटवर मी हरले, आठ-सहानं.
हे आधी सांगायला पाहिजे होतं.
पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात
समोरच्या पोरीचं मनगट माझ्या पकडीत होतं.
तिनं तीनदा हिसडा दिला.
मग कानापाशी, धापेबरोबर म्हणाली,
बिडु.
कानडीत म्हणजे, सोड.
मला आमच्या घरचा शब्द ऐकू आला.
सोडलं नाही. त्याचा गुण काही मिळत नाही.

शनिवारी ठेकेदारानं आईच्या पैशातनं
दोन रिळं कापली.
तिनं सांगितलं, मी ऐकलं,
दोघींनी पुढं हिशेब काढला नाही.

पहाटे चिंच दवानं ओली.
बुंध्यावर दोराच्या घासणीचा पट्टा,
तेवढाच गुळगुळीत.
सत्याप्पा म्हणाला, उचला.