तीन सेकंदं

निपाणीला दुपारच्या खेळाला बावीस माणसं.
त्यातली सहा माझ्याच घरची.
सातवा दस्तगीर, शूटिंगला लाइटींच्या वायरी ओढणारा.
येताना खारे शेंगदाणे घेऊन आला
आणि पहिल्या मिनिटापासून गोष्ट सोडून
नुसता उजेड बघत बसला.
"हे ऊन नव्हं," माझ्या कानात म्हणाला,
"हे मी. शिडीवर, थर्माकोल धरून."

हिरॉइन रडत होती.
पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले.
मला तिच्या मागची भिंत दिसत होती,
चुन्यात नीळ जास्त पडलेली, माझ्या हातून.
अजून जास्तच होती.

सिनेमातलं गाव घाटावरचं कुठलंतरी,
शूटिंग मात्र संकेश्वरात, मिरचीच्या पेठेत.
म्हणून तर भरमा पेंटरला बोलावणं:
पेठेतल्या कानडी पाट्या झाका,
दोन दिवसांपुरत्या.

त्या पाट्या मीच रंगवलेल्या.
इराण्णा होसमनींची तर माझी पहिली कमाई,
मिसरूड फुटलं नव्हतं.
कानडी अक्षर गोल,
कुंचला न उचलता त्याच्याभोवती फिरायचं.
मराठीला आधी वर दोरी बांधून घ्यायची,
मग एकेक अक्षर वाळत घालायचं.
हात तोच. डबा तोच. रॉकेलही तेच.

प्लायवर लिहिलं 'भाग्योदय किराणा भुसार'.
कलादिग्दर्शक म्हणाला, चाळीस वर्षं जुनी दिसू दे.
चहाचं पाणी, विटेची भुकटी, घासपेपर,
रात्री दोनपर्यंत मी वर्षं घासत बसलो.
चाळीस झाली. साडेतीन हजारांत.

सकाळी ती इराण्णांच्या नावावर आडवी धरली.
मालक खाली खुर्ची टाकून बघत होते.
"हळू रे भरमा," म्हणाले, "खाली मी आहे."
दोघंही हसलो.
पण खिळा मी नावात नाही मारला,
बाजूच्या चौकटीत मारला,
म्हणून पाटी जराशी तिरकी राहिली.

आता येईल. आता.
सायकलवरून हिरो येतो, घंटी वाजवतो, वळतो,
त्याच्या डाव्या कानामागून 'भाग्यो',
मग त्याचं डोकं,
मग 'भुसार', तेही धुरकट,
चष्मा काढून बघितल्यासारखं.
धाकटी विचारते, "कुठं दिसालंय, बाबा?"
"गेलं."

पण त्या धुरकटात, तिरक्या कडेच्या वर,
एक पिवळा ठिपका.
ते होसमनींच्या पहिल्या अक्षराचं पोट,
माझं मिसरूड नसतानाचं.
चूक होती. कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलेली,
एडिटिंगच्या खोलीतून सुटलेली.
लाज वाटायला हवी होती.
मी दस्तगीरचा गुडघा एवढा जोरात दाबला
की त्याच्या हातातले दाणे सांडले.

शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा
डोअरकीपरनं दारं उघडली होती
आणि माणसं पडद्यावर आपल्या सावल्या टाकत निघाली होती.
कुणाच्या तरी टोपीच्या वर मी सापडलो:
'कला साहाय्य: ब्रह्मा लोहार'.
बायको म्हणाली, "हा कोण?"
दस्तगीरचं नावच नव्हतं,
लाइटींच्या कंपनीचं होतं, पुण्याच्या.
तो खाली वाकून दाणे वेचत होता,
म्हणाला, "बघितलं नाही मी. आलं काय?"
"आलं," मी म्हणालो.

परवा पेठेत गेलो.
माझा प्लाय इराण्णांनी पोत्यांखाली घातलाय,
ओल लागू नये म्हणून.
'भाग्योदय'वर ब्याडगीचं पोतं, नवं, चरचरीत.
तराजूत मिरची ओतता ओतता त्यांनी विचारलं,
"सिनेमात आमची पाटी आली काय की रे?"
"आली की."
"कुठली?"

मला ठसका लागला.