विहीर क्रमांक सतरा

काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून
सकाळी सातला मी दोरीनं बाटली सोडते.
खाली विश्वामित्री. म्हणजे तिचं उरलेलं काही.
गाळावर मगर, जबडा उघडा टाकून ऊन खातेय.
विरघळलेला प्राणवायू एक पूर्णांक दोन,
मी बोलते, इकबालभाई लिहितात.
मगरीचं अडत नाही, ती वरची हवा घेते.
मासे गेले ते कुठे लिहायचे, असा रकाना
आमच्या तक्त्यात नाही.

मग जीप, मग चहा, मग सोनारकुई.
गावाच्या नावात कुई आहे.
गावातली कुई बुजवून तिच्यावर पानाचा गल्ला.
उरली ती उजीबेनच्या परसातली,
आमच्या नकाशावर क्रमांक सतरा.

टेप सोडते.
टोकाला पाणी लागलं की वर पेटीत शिट्टी वाजते.
पोरं कठड्यावर ओणवी, श्वास धरून.
सव्वीस. सत्तावीस.
अठ्ठावीस, गेल्या वैशाखात इथे वाजली होती.
एकोणतीस.
वाजते, आणि पोरं टाळ्या पिटतात
जणू पाणी खोल जाणं हा त्यांच्या गावाचा विक्रम.

पाणी कसं आहे, हे विचारणं माझ्या कामात बसत नाही.
तरी विचारते.
उजीबेन म्हणते, दाळ चडती नथी.
आम्हा बडोदेकरांचीही डाळ चढते किंवा चढत नाही,
शिजणं आम्ही पुण्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलंय.
इथे कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही दाणा दाण्याला ओळख देत नाही.
साबण रुसतो. चहाला चव धरत नाही.
सुनेच्या माहेरचे यायचे असले की
शेजारच्या गावाहून दोन हंडे, उसने.
मी जीभ लावते. मचूळ. कडेला तुरट. जड.
यंत्र बुडवते. तीन हजार चारशे.
यंत्राला मचूळ हा शब्द येत नाही,
आणि राजाध्यक्ष साहेबांना शेऱ्याचा रकाना
कोरा लागतो.

भूजल घाई करत नाही.
वाळूच्या कणाकणाला विचारत विचारत
इथे ते वर्षाला साठ मीटर चालतं.
ईशान्येला दोन किलोमीटरवर
बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची भिंत,
तिच्यातून उगवलेला पिंपळ.
भागाकार मी जीपमध्येच केला. चौतीस.
घरी कागदावर पुन्हा केला.
चौतीस, आणि वर थोडी बाकी.

चौतीस वर्षांपूर्वी नाना तिथे रात्रपाळी सांभाळायचे.
पहाटे यायचे तेव्हा नखं किरमिजी.
आई चटणीसारखा लिंबू चोळायची, जायचं नाही.
मला वाटायचं,
सगळ्यांच्या बाबांची होळी अशी बारमाही असते.
मागच्या खड्ड्यात जे वाहून जायचं
त्याला तेव्हा कुणी नाव ठेवलं नव्हतं,
क्रमांक तर नाहीच.
त्याच पगारातून माझी पहिली परीक्षानळी आली,
वाढदिवसाला, कापसात गुंडाळून.

दांडियाबाजारच्या गॅलरीत नाना रोज विचारतात,
आज कुठलं पाणी?
आज मी गावाचं नाव सांगितलं.
वर्तमानपत्राची घडी घालायला त्यांना वेळ लागला.
एक कोपरा जुळेना.
"लाल आहे?"
"नाही. रंग मातीनं वाटेत ठेवून घेतला.
मीठ तेवढं पुढे आलं."

खाली कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं,
होत नव्हती.
नाना उठले. स्वयंपाकघरात डबे वाजले,
झाकणं उघडली, लागली.
"त्या बाईला सांग," आतूनच म्हणाले,
"रात्री भिजवताना चिमूटभर खायचा सोडा.
चढेल."

वर्तमानपत्राचा तोच कोपरा फाडून
त्यांनी पुडी बांधली,
दोरा दोनदा फिरवला,
आणि उद्याच्या खोक्यात ठेवली
धुतलेल्या बाटल्यांच्या ओळीत.
प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, खोली, माझी सही.
पुडीवर काहीच नाही.