रांगेत सध्या

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजात रात्रपाळीला
माझं काम एवढंच:
दर तासाला चौथ्या चेंबरचं तापमान वहीत लिहायचं.
आत बेदाणा, पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांत गप पडलेला.
बाहेर मी, लॅपटॉप, कॉम्प्रेसरची घरघर.

मधल्या एकोणसाठ मिनिटांत
मी एक छोटा प्रोग्राम लिहिला.
तो खेळाच्या सर्व्हरला जाऊन विचारतो,
रांगेत सध्या किती?
सर्व्हर प्रदेशवार सांगतो:
सिंगापूर चार हजार आठशे बारा,
टोकियो सहा हजार आणि वर काही,
दुबई नऊशे,
मुंबई तीन.

मुंबई म्हणजे आम्ही.
सांगली, मिरज, तासगाव, पार खाली निपाणीपर्यंत
सगळ्यांचा पत्ता सर्व्हरच्या लेखी मुंबई.
एकदा प्रदेशाच्या जागी मी 'सांगली' लिहून पाठवलं.
वाटलं, ओरडेल,
असला प्रदेश नाही म्हणेल.
तसं काही नाही. उत्तर आलं,
विनंती यशस्वी.
खाली दोन चौकोनी कंस
आणि कंसांत काही नाही.
नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आई परवा डबा भरताना म्हणाली,
सारखं काय बघायलास त्यात?
म्हटलं, आकडा. अर्ध्या मिनिटाला बदलतो.
"मग आयर्विनसारखंच की," ती म्हणाली.
पुराच्या वर्षी अण्णाप्पामामा
दर अर्ध्या तासाला फोन लावायचा,
पुलाजवळ किती फूट?
शेवटी पलीकडचा माणूस वैतागला,
मगदूम, तुम्ही विचारल्यानं पाणी उतरत नसतंय.

मलाही सर्व्हर तेच म्हणाला, जरा सभ्यपणे:
फार वेळा विचारताय,
साठ सेकंद थांबा.
थांबलो.
मामाही थांबला असेल, फोन हातात धरूनच.

खेळाला चौघं लागतात.
आम्ही रोज तिघं.
आकड्यांना नावं नसतात,
पण पंधरा दिवस बघितलं की चाल कळते.
एक जण सव्वाला येतो, चाळीस सेकंदांत जातो,
पुन्हा येतो, पुन्हा जातो.
थांबायचा पिंडच नाही त्याचा.
दुसरा मात्र दगड.
सांजेपासून पहाटेपर्यंत हलत नाही.
त्याला मी मनातल्या मनात मिरजेत राहायला पाठवलं,
सतारींना तारा चढवणाऱ्यांच्या घरात.
एक खुंटी पिळायची,
ऐकायचं,
परत पिळायची;
असल्या घरातच एवढा दम असणार.
सिंगापूरला जायचा मोह झाला की
त्याच्यासाठी मी मुंबईतच थांबायचो.

काल तीन वाजता आठवलं.
चाचणीसाठी काढलेलं एक खातं,
घरच्या कॉम्प्युटरवर, पलंगाशेजारी,
बंद करायचं राहिलेलं.
पंधरा दिवस ते रांगेत उभं.

म्हणजे मिरजेचा तो मीच.

बऱ्याच वेळानं इथूनच त्याला बाहेर काढलं.
तीनाचे दोन झाले.
हसू आलं, मग आलं नाही.
दोघांत एक मी, आणि एक तो, चाळीस सेकंदांचा.
मोजायला लागलो.
अडतीस.
एकोणचाळीस.
चाळिसाला आकडा हलला नाही.
एक्केचाळीस, बावन्न,
सर्व्हर म्हणाला थांबा, थांबलो,
परत विचारलं:
दोन.
त्याला कळलं असेल का, पलीकडचा एक जण कमी झाला?
का त्याचा नुसता डोळा लागला?

एवढ्यात चारचा भोंगा झाला.
उठून काटा बघितला, वहीत लिहिलं, परत येऊन बसलो.

सकाळी चौगुले साहेब वही घेऊन आले.
हे काय,
सगळीकडे चार अंश
आणि पहाटेच इथं दोन कसं?

म्हटलं, होते साहेब.
साडेपाचपर्यंत दोनच होते.