कंपनीचा रंग

रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे
याकूब परकारांचं दुकान म्हणजे
एक पत्रा, दोन बाकं
आणि खोबरेलाच्या रिकाम्या बाटल्यांत
शंभरेक रंग.

म्हटलं, निळा हवाय. फियाटचा. टवके भरायचेत.
निळा म्हणजे कसला? त्यांनी विचारलं.
शाईचा, नेव्हीचा, पारव्याच्या मानेचा,
की नुसताच, सरकारी?
मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं,
ज्या रंगात बसून पन्नास वर्षं
शाळेत, दवाखान्यात, लग्नांना गेले
त्याला माझ्याकडे शब्दच नाही.

गाडीच दाखवा, म्हणाले.

डिकीचं रबर सोलून त्यांनी आतला निळा दाखवला,
ऊन न बघितलेला.
टपावरचा त्याचा थकलेला भाऊ.
दारावर, जिथे आईचा कोपर यायचा,
तिसराच काहीतरी.
यातला कुठला जुळवू, ताई?
आजचा, म्हटलं मी.

उलट्या व्हीलकॅपमध्ये आधी पांढरा,
मग काडीच्या टोकाने निळा,
थेंब, थांबणं, थेंब.
काळा इतका कमी की काडी नुसती दाखवली.
मग पिवळा.
पिवळा कशाला?
तो उन्हाने घातलाय, मी फक्त मोजतोय.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर पट्टा ओढला,
ट्यूबलाइट बंद केली, पत्रिका दारात नेली
आणि बिडी पेटवली.
ओला रंग आणि नवा जावई,
म्हणाले, लगेच मत देऊ नये.

बाकी टवके किरकोळ. एक भावाच्या बॅटचा,
दोन कुणाचे ठाऊक नाहीत.
डाव्या मडगार्डवरचा मात्र जुना,
दर पावसाळ्यानंतर त्याच जागी उगवणारा.
दर दसऱ्याला झेंडूच्या आधी
नाना आईच्या नेलपॉलिशच्या ब्रशने
तिथे निळा लावायचे, जीभ दातांत धरून.
खारा वारा, म्हणायचे.
वडाळ्याचा वाराच वाईट.

याकूबभाईंनी नखाने वाजवून पाहिलं.
बाकीचा पत्रा ठण्ण,
इथे थप.
पॉलिश पेपर फिरू लागला:
निळा, राखाडी अस्तर, बोटभर लांबी,
आणि लांबीखाली काळा.
काळ्यात चार भोकं,
चौकोनात, नीट आखलेली.

इथे मीटर होता, ताई.

टपाची पन्हळ त्यांनी स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडली.
पिवळा. टॅक्सीचा पिवळा.

कंपनीचा रंग आहे, हात लागलेला नाही,
नाना सांगायचे. कॉलनीत सांगायचे,
ऑफिसात सांगायचे,
माझ्या सासऱ्यांना तर
बोनेट उघडून सांगितलं होतं.
आणि आई पहिल्यांदा बसली
नारळ मांडीवर घेऊन, सीटच्या काठावर, अवघडून,
तिच्या आधी त्या सीटवर
दादर, भायखळा, व्हीटी,
आणि सुट्ट्यावरून भांडणारी किती माणसं.

पुढे काय करायचं ते याकूबभाईंनी विचारलं नाही.
भोकं पुन्हा भरली. घासली.
काळ्यावर अस्तर, अस्तरावर आमचा निळा.
उरलेला रंग कफ सिरपच्या बाटलीत ओतून
वर चिकटपट्टी लावली, पेन मागितलं.
नाव काय लिहू?
नानांचा, म्हटलं मी.

संध्याकाळी त्यांना धरून खाली आणलं.
मोतीबिंदू काढल्यापासून
त्यांना जग जरा जास्तच निळं दिसतं,
त्यामुळे जुळलाय का, हे विचारण्यात अर्थ नव्हता.
ते गाडीला फेरी घालत गेले, पत्र्यावर तळवा ठेवून,
टप, दार, बोनेट,
आणि डाव्या मडगार्डवर बोट थांबलं.
चार ठिकाणी दाबून पाहिलं त्यांनी,
चौकोनात.

किती हात दिले इथे?
तीन, म्हटलं.
मी दोनच द्यायचो, म्हणाले,
आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले,
मागच्या सीटच्या बाजूला.